कारखान्यात इन्सेन्टिव्ह योजना बसवताय? आधी कॉस्टिंग तपासा

छोट्या-मध्यम इंजिनीअरिंग कारखान्यात कॉस्टिंगच्या किंवा एमआयएसच्या (व्यवस्थापनाला आकड्यांचे अहवाल देणाऱ्या) खुर्चीवर नवा माणूस बसला की काही महिन्यांतच साहेबांच्या केबिनमधून एक काम हमखास येतं. "आपण इन्सेन्टिव्ह चालू करू. उत्पादन वाढलं पाहिजे. तुम्ही एक शीट बनवून आणा." शीट अर्ध्या दिवसात होते. त्या शीटमुळे शॉपवर, म्हणजे मशीनवरच्या कामाच्या जागी, काय काय घडतं ते मात्र पुढची दोन-तीन वर्षं निस्तरावं लागतं.

मी हे काम भोसरी-चाकण पट्ट्यात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत करत आलोय, त्यामुळे उदाहरणं तिथलीच देणार. फौंड्री, प्लास्टिक मोल्डिंग किंवा पॅकिंगवाल्यांनी नावं बदलून वाचावीत. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत: पैसे ज्या आकड्याला बांधाल तो आकडा वाढतो. त्याच्यासोबत धंदा वाढेलच असं नाही. या दोघांत फट कुठे पडते ते योजना लागू होण्याआधी शोधणं, हेच कॉस्टिंगवाल्याचं काम.

"आपल्याकडची माणसं अशी नाहीत," असं कोणी म्हणालं तर त्याला अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं प्रकरण सांगा. एका ग्राहकाच्या गळ्यात बँकेची आठ उत्पादनं मारायची, असं ध्येय होतं. शाखांना रोजचं टार्गेट असायचं. तिमाहीचे अहवाल उत्तम दिसत होते. २०१६ मध्ये बाहेर आलं की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली होती. १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे ५,३०० जणांना त्यापायी कामावरून काढल्याचं समोर आलं. पाच हजार वाईट माणसं एकाच बँकेत योगायोगाने भरती होत नाहीत. तिथे 'उघडलेलं खातं' मोजलं जात होतं. ते खातं कुणी वापरतं का, हे कुणी मोजत नव्हतं.

१. आधी हे कागद गोळा करा

- मागच्या बारा महिन्यांची जॉब कार्डं (कोणतं काम कधी सुरू-बंद झालं त्याच्या नोंदी) किंवा शिफ्टवार उत्पादन नोंदी
- टूल आणि इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) इश्यू रजिस्टर
- रिजेक्शन आणि रिवर्कच्या नोंदी, ग्राहकाच्या डेबिट नोटा (त्याने आपल्या बिलातून कापलेल्या रकमा)
- भंगार विक्रीच्या वजनाच्या पावत्या
- हजेरी आणि पगारपत्रक, त्यात कायम, कंत्राटी आणि ट्रेनी वेगवेगळे
- वीजबिलं आणि मशीनवार जोडभार
- महिन्यावार ट्रायल बॅलन्स
- बँकेला दरमहा जाणारं स्टॉक स्टेटमेंट

स्टॉक स्टेटमेंट आणि भंगाराच्या पावत्या सहसा अकाउंट्सच्या कपाटात असतात आणि प्रॉडक्शनवाल्यांनी त्या कधी पाहिलेल्याही नसतात. त्या मागून घ्याच. तिसऱ्या आणि पाचव्या पायरीत सगळी गंमत त्यांचीच आहे.

जॉब कार्डावरच्या वेळा सलग दोन-तीन महिने गोल आकड्यांत दिसल्या, सगळीकडे आठ वाजता सुरू आणि साडेचारला बंद, तर ती कार्डं शिफ्ट संपल्यावर एकदम भरलेली आहेत असं धरा. अशा नोंदींवर पैसे वाटायला बसू नका. आधी महिनाभर नोंदी नीट करून घ्या.

२. मशीन अवर रेट काढा, आणि सेटिंग वेगळं मोजा

बऱ्याच ठिकाणी सगळे ओव्हरहेड (थेट एका नगावर न मांडता येणारे खर्च) गोळा करून मजुरीच्या टक्केवारीने वाटलेले असतात. एक ऑपरेटर तीन सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीनं चालवतो तिथे या वाटपाला काही अर्थ राहत नाही. घसारा, वीज, मेन्टेनन्स, जागेचं भाडं हे मशीनवार मांडा आणि प्रत्यक्ष मिळणाऱ्या तासांनी भागा. वर्षाचे कागदावरचे तास धरू नका. सुट्ट्या, लोडशेडिंग, देखभाल वजा जाता उरतात ते तास धरा.

त्यानंतर सेटिंगची, म्हणजे नवा भाग सुरू करण्याआधी मशीन जुळवण्याची, वेळ बाजूला काढा. व्हीएमसी या मिलिंग मशीनचा दर ताशी ६०० रुपये आहे आणि एका भागाच्या सेटिंगला दोन तास लागतात असं धरू. हजार नगांची बॅच असेल तर सेटिंगचा भार नगामागे १ रुपया २० पैसे पडतो. तोच भाग पन्नास नगांचा केला तर २४ रुपये. सेटिंग सरसकट ओव्हरहेडमध्ये ढकललं असेल तर दोन्ही ऑर्डरींचा खर्च कागदावर सारखाच दिसतो.

आता मार्केटिंगवाल्याला विक्रीच्या रकमेवर कमिशन द्या. तो चार नवे ग्राहक आणेल, प्रत्येकाची पन्नास-पन्नास नगांची ऑर्डर. विक्री वाढेल, कमिशन जाईल, शॉपवर दिवसभर सेटिंगच चालू राहील आणि वर्षाअखेरीला साहेब विचारतील, "एवढा धंदा वाढला, मग पैसा गेला कुठे?" त्यात मार्केटिंगवाल्याची चूक नाही. तुमच्या कॉस्ट शीटने त्याला ती ऑर्डर फायद्याची म्हणूनच दाखवली होती.

३. बोनस कुठल्या नफ्यावर? हे आधी ठरवा

प्लांट हेडला महिन्याच्या नफ्यावर बोनस द्यायचा, हे ऐकायला अगदी रास्त वाटतं. पण कारखान्याच्या नेहमीच्या हिशेबात नफा वाढवायचा एक मार्ग असा आहे की त्यात एक नगही जास्त विकावा लागत नाही. हे गणित हाताने एकदा तरी करा.

एक भाग ३०० रुपयांना विकला जातो. कच्चा माल, टूल, नगामागे लागणारी वीज वगैरे बदलता खर्च १५० रुपये. कारखान्याचा स्थिर खर्च महिन्याला १० लाख. मागणी १०,००० नगांची.

१०,००० नग बनवले आणि १०,००० विकले, तर स्थिर खर्च नगामागे १०० रुपये, एकूण खर्च २५०, नफा नगामागे ५०. महिन्याचा नफा ५ लाख.

पुढच्या महिन्यात १२,५०० बनवले, विकले तेवढेच १०,०००. आता तोच १० लाखांचा स्थिर खर्च १२,५०० नगांत वाटला गेला. नगामागे ८० रुपये. एकूण खर्च २३०, नफा नगामागे ७०. महिन्याचा नफा ७ लाख.

विक्री तीच, भाव तोच, ग्राहक तोच, आणि नफा दोन लाखांनी वर. ते दोन लाख आले कुठून? न विकलेल्या २,५०० नगांच्या किमतीत या महिन्याचा स्थिर खर्च नगामागे ८० रुपये याप्रमाणे जाऊन बसला. शिवाय त्या नगांवर ३ लाख ७५ हजारांचा रोख बदलता खर्चही झाला. बोनसची पत्रं निघाली, आणि त्याच आठवड्यात स्टीलवाल्याचे पैसे द्यायला ओव्हरड्राफ्ट कमी पडला.

प्लांट हेडने यात काही लबाडी केलेली नसते. "मशीन बंद ठेवू नका" हे त्याला वरूनच सांगितलेलं असतं. पण रॅकवर गंजविरोधी तेल लावून ठेवलेल्या ट्रे वाढत जातात. मग एक दिवस ग्राहकाकडून ड्रॉइंगची नवी रिव्हिजन येते आणि जुन्या मापाचा सगळा माल किलोच्या भावाने जातो. तो तोटा पुढच्या वर्षी पडतो. तोवर प्लांट हेड दुसऱ्या कंपनीत रुजूही झालेला असतो.

उपाय सोपा आहे. वैधानिक ताळेबंदाला लागणारं स्टॉकचं मूल्यांकन हिशेबाच्या मानकांप्रमाणे राहू द्या, त्याला हात लावू नका. बोनससाठी मात्र वेगळं योगदान विवरण करा: विक्री वजा विकलेल्या नगांचा बदलता खर्च वजा महिन्याचा संपूर्ण स्थिर खर्च. वरच्या उदाहरणात दोन्ही महिन्यांना ३० वजा १५ वजा १० असे ५ लाखच येतात, कितीही नग बनवा. सोबत स्टॉक स्टेटमेंटवरून तयार मालाचे दिवस किती आहेत तेही लिहा.

हे विवरण पहिल्यांदा पुढे ठेवाल तेव्हा विरोध होईल. काही महिन्यांचा नफा जुन्या आकड्यापेक्षा कमी दिसेल आणि "तुमचं कॉस्टिंग चुकलं" असं ऐकावं लागेल. दोन्ही नफ्यांचा मेळ एका पानावर तयार ठेवा. फरक स्टॉकमध्ये अडकलेल्या स्थिर खर्चाएवढाच येतो, एवढं दाखवता आलं की वाद मिटतो.

४. ज्याच्या हातात जे आहे तेवढंच त्याच्या माथी

शिफ्ट सुपरवायझरच्या हातात सेटिंगची वेळ, रिजेक्शन, टूलचा वापर आणि माणसांची मांडणी असते. स्टीलचा भाव, वीज जाणं, हेड ऑफिसचा खर्च नसतो. हे सगळं त्याच्या शीटमध्ये घातलं की तो शीट वाचायचंच सोडून देतो.

मात्र दुसरं टोकही गाठू नका. "कास्टिंग उशिरा आलं, आमचा काय दोष" असं म्हणत रोज दोन तास 'नो मटेरियल' लिहिणारी शिफ्ट मी पाहिली आहे. कास्टिंग गेटवर सकाळीच आलेलं असायचं. गेट रजिस्टर आणि मशीन लॉग शेजारी शेजारी ठेवून बघा.

५. आकडा निवडा, मग तो स्वतःच लुटून बघा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ घेते आणि सगळ्यात जास्त टाळली जाते. एका दुपारी दोन जुन्या ऑपरेटरना आणि एका सुपरवायझरला चहाला बसवा आणि सरळ विचारा, "या योजनेत काम न वाढवता पैसे कसे काढाल?" उत्तरं ऐकून थक्क व्हाल. नेहमी निघणारी काही इथे देतो.

*नगांवर पैसे.* सोपा, लांब चालणारा जॉब सगळ्यांना हवा असतो. सेटिंग लागणारा अवघड जॉब दुसऱ्या शिफ्टसाठी राहतो, दुसरी तो रात्रपाळीवर ढकलते. ज्या भागासाठी ग्राहकाची लाईन थांबली आहे तोच नेमका मागे पडतो. फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) वाढवून इन्सर्ट फोडले जातात. नगांऐवजी 'प्रमाण मिनिटं' मोजली, म्हणजे प्रत्येक भागाला ठरलेली मिनिटं आणि सेटिंगलाही मिनिटं दिली, की यातला बराच त्रास कमी होतो.

*कमी रिजेक्शनवर पैसे.* रिजेक्शनचा आकडा खाली येतो. नग मात्र बिघडतच असतात. ते जातात कुठे? मालाचा मेळ घाला. एखाद्या महिन्यात मशीन शॉपला १,००० कास्टिंग दिली. ९४० नग ओके होऊन पुढे गेले, २० लाल टॅग लावून रिजेक्शनच्या पिंजऱ्यात आहेत. उरले ४०. शॉपवर अर्धवट असलेले मोजा. तिथे दहा मिळाले, तर बाकीचे तीस चिप्सच्या (कापलेल्या धातूच्या किसाच्या) पिंपात तळाशी आहेत. एका कास्टिंगचं वजन आणि भंगाराच्या पावत्या ताडून पाहिल्या की ते सापडतातच, कारण नुसत्या चिप्सचं वजन तेवढं भरत नाही.

*खरेदीवाल्याला स्वस्त खरेदीवर पैसे.* तो पूर्ण ट्रक भरून माल घेतो, भाव पडतो, बक्षीस मिळतं. सहा महिन्यांचा माल आवारात पडून राहतो आणि मटेरियलच्या कडकपणात फरक असल्याने मशीनवर इन्सर्ट जास्त जातात. इन्सर्टचा खर्च दिसतो प्रॉडक्शनच्या खात्यात. मग प्रॉडक्शन आणि परचेसची भांडणं लागतात आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःला निर्दोष ठरवणारं एक शीट असतं.

*ब्रेकडाऊन मिनिटं कमी करण्यावर पैसे.* मेन्टेनन्सवाला चांगला असेल तर मिनिटं कमी होतात. हुशार असेल तर 'ब्रेकडाऊन'ची नोंद 'टूल चेंज' होते.

कोणी म्हणेल हे शहरी कारखान्यांचे चाळे. उसाकडे बघा. केंद्र सरकारची एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्क्याला, धरून जाहीर होते आणि त्यापुढे कारखान्याच्या सरासरी उताऱ्याप्रमाणे वाढते. म्हणजे शेतकऱ्याला मिळतात त्याच्या स्वतःच्या टनांचे पैसे, पण उतारा धरला जातो सगळ्यांचा मिळून. स्वतःच्या फडात जास्त साखर आणली तर तिचा वाटा हजारो सभासदांत विरून जातो. जास्त टनेज आणलं तर ते पूर्ण आपलं. म्हणून शेतकरी जास्त टन देणारी '२६५' ही उसाची जात लावतो, आणि कमी उताऱ्याची तक्रार करत कारखाने तिच्या नोंदी घ्यायला नाखूश असतात. शेतकऱ्याचं गणित अगदी बरोबर आहे. त्याने वजनकाटा पाहून जात निवडली.

तेव्हा प्रत्येक आकड्यासोबत त्याला आवर घालणारा दुसरा आकडा जोडा. प्रमाण मिनिटं घेतली तर पुढच्या टप्प्याने स्वीकारलेले नगच धरा. खरेदीच्या भावासोबत साठ्याचे दिवस धरा. पण दोन, फार तर तीन आकड्यांवर थांबा. आठ आकड्यांना टक्केवारीचं वजन दिलेली शीट कोणालाच समजत नाही, आणि जे समजत नाही त्यासाठी कोणी हात हलवत नाही. ज्यांचं काम एकमेकांवर अवलंबून आहे अशा चार-सहा जणांच्या सेलला (गटाला) एकत्र इन्सेन्टिव्ह द्यावा, असं माझं मत. एकेकट्याला दिला की शेजारच्याला सेटिंगमध्ये मदत करणं बंद होतं.

६. टार्गेट आणि स्लॅब

"१०० टक्के झालं की २,००० रुपये, त्याखाली शून्य" अशी योजना करू नका. पंचवीस तारखेला ८० टक्क्यांवर असलेला सेल उरलेला महिना सोडून देतो. ज्याचे १०० टक्के आधीच झाले तो पूर्ण झालेली जॉब कार्डं ड्रॉवरमध्ये ठेवून पुढच्या महिन्यात लावतो. त्याऐवजी थोड्या खालच्या पातळीपासून, समजा ७५ टक्क्यांपासून, प्रत्येक टक्क्याला ठरावीक रक्कम द्या. कुठेही उडी नको.

दुसरा सापळा मालकाच्या मनात असतो. लोक पहिल्याच वर्षी ११५ टक्क्यांवर गेले की, "टार्गेट ढिलं होतं, घट्ट करा." असं एकदा केलंत की पुढे कोणीही १०२ च्या वर जाणार नाही. हे कामगार आपसांत न बोलता पाळतात. मशीन, टूल, पद्धत किंवा ड्रॉइंग बदललं तरच प्रमाण वेळ बदलेल, हे योजनेतच लिहा आणि मालकाची सही घ्या.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या लिंकन इलेक्ट्रिकमध्ये १९१४ पासून पीसवर्क आणि १९३४ पासून वार्षिक बोनस चालत आला. कामगार जास्त कमावतो म्हणून दर कापायचा नाही, हे तिथलं मूळ तत्त्व. बिघडलेला नग कामगाराने स्वतःच्या वेळेत दुरुस्त करायचा आणि काम कमी असलं तरी माणूस काढायचा नाही, हेही सोबतीला होतं. तीच पद्धत त्यांनी इतर देशांत विकत घेतलेल्या कारखान्यांत नेऊ पाहिली, तिथे तिला आधार देणारं बाकीचं काहीच नव्हतं, आणि १९९२ साली कंपनी तोट्यात गेली. दुसऱ्या कारखान्याची शीट मागून आणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

७. कायद्याची बाजू

थोडक्यात, पण टाळू नका.

- कायद्याचा बोनस (किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के) आणि तुमचा इन्सेन्टिव्ह या वेगळ्या गोष्टी आहेत. एकातून दुसरा परस्पर वजा करू नका.
- इन्सेन्टिव्ह धरून किमान वेतन गाठायचं नसतं. किमान वेतन आधी, इन्सेन्टिव्ह त्यावर.
- ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो. 'जास्त नगांचे पैसे दिलेत ना' हे उत्तर चालत नाही.
- पीएफ-ईएसआय लागतो का, हे सल्लागाराकडून लेखी घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि वेतनाची व्याख्या बदलली. जुन्या फायलीतला सल्ला तसाच वापरू नका.
- सुरू केलेली योजना मनाला येईल तेव्हा बंद करता येत नाही. सेवाशर्तीतला बदल म्हणून नोटीस द्यावी लागू शकते. युनियन असेल तर सुरुवातच करारात करा.

आणि कंत्राटी मुलांचं काय, हे पहिल्या दिवशी ठरवा. ज्या लाईनवर निम्मे हात कंत्राटी आहेत तिथे इन्सेन्टिव्ह फक्त कायम कामगारांना दिला, तर नग कोण बनवतं आणि पैसे कोण नेतं हे सगळ्यांना दिसत असतं.

८. तीन महिने कागदावर, मग पैशांत

पैसे न देता तीन महिने आकडे काढा आणि रोज फळ्यावर लावा. या काळात प्रमाण वेळा चुकलेल्या भागांची यादी आपोआप तयार होते, कारण लोकच येऊन सांगतात. (ज्या भागाला प्रमाण वेळ गरजेपेक्षा जास्त दिली गेली आहे तो सांगायला कोणी येत नाही, ते तुम्ही शोधायचं.) आकड्यांवर सही कोणाची, हेही तेव्हाच ठरवा. ज्याला पैसे मिळणार त्याची एकट्याची नको. ओके नगांची सही पुढच्या टप्प्याची, रिजेक्शनची क्वालिटीची, मालाच्या मेळाची स्टोअरची. पैसे पगारासोबतच, पण पगाराच्या स्लिपवर वेगळ्या ओळीत दाखवा.

योजनेला शेवटची तारीख घाला, एका वर्षाची. ती ३१ मार्च ठेवू नका. मार्चमध्ये डिस्पॅच, स्टॉक, डेबिट नोटा सगळंच ताणलेलं असतं आणि त्या आकड्यांवरून पुढच्या वर्षाचं काहीच ठरवता येत नाही. ३० जून बरी पडते: एप्रिल-मेमध्ये परत आलेली मालाची गाडी, उशिराने लागलेल्या डेबिट नोटा, सगळं तोवर हिशेबात उतरलेलं असतं.